बेड पुन्हा चोक झालाय? कॅटॅलिस्ट बदलण्याआधी कार्बन कुठे आणि कधी बसला ते बघा

सोमवारी सकाळी निपाणीच्या एका विद्यार्थ्याने फोटो पाठवला. क्वार्ट्‌झची नळी, खालची चार बोटं काळीकुट्ट, आणि फोटोखाली एकच ओळ: "ताई, परत चोक. आता निकेल-लोह सोडून निकेल-कोबाल्ट करून बघू का?" त्याआधी हाच प्रश्न धारवाडहून आला होता, कोल्हापूरहून आला होता, आणि तीन वर्षांपूर्वी मी स्वतः आमच्या सरांना विचारला होता. दरवेळी फोनवर अर्धवट सांगून होतं, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. नळी चोक झाली की पहिला दोष कॅटॅलिस्टवर जातो. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा कॅटॅलिस्टचा त्यात काही संबंध नसतो.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड हे दोन्ही हरितगृह वायू एकत्र तापवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन, म्हणजे सिनगॅस, मिळवायचा, याला ड्राय रिफॉर्मिंग म्हणतात. हे घडवून आणणारी धातूची पूड म्हणजे कॅटॅलिस्ट, आणि तापलेल्या नळीत भरलेला तिचा थर म्हणजे बेड. सिनगॅसपासून पुढे मिथेनॉल होतं, डिझेलसारखं इंधन होतं. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमान वाढवतो, त्यामुळे दोघांनाही एकाच भट्टीत कामाला लावणं मोलाचं आहे. फिशर आणि ट्रॉप्श यांनी १९२८ सालीच यावर काम केलं होतं. इतकी वर्षं ही प्रक्रिया कारखान्यात सरसकट का आली नाही, याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे निपाणीच्या त्या फोटोतला काळा गोळा.

आपल्या बेळगावच्या भागात हा विषय पुस्तकी नाही. चिकोडी, अथणी, रायबाग, गोकाक हा सगळा उसाचा पट्टा. डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशमधून बायोगॅस निघतो, गावागावांत गोबर गॅस आहे, आणि त्यात मिथेन ५५ ते ६५ टक्के आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइडच असतो. म्हणजे आपल्याला हवे ते दोन्ही वायू आधीच एकत्र मिळतात. एवढं हाताशी असताना नळीच्या चोक होण्यावर अडून बसणं मला सहन होत नाही.

आता मुद्द्यावर येते.

मुख्य अभिक्रिया भरपूर उष्णता खाते, मिथेनच्या एका मोलला २४७ किलोज्यूल. तिच्या जोडीने कार्बन बसवणाऱ्या दोन अभिक्रिया चालतात. एकीत मिथेन फुटतो, कार्बन मागे राहतो आणि हायड्रोजन निघून जातो. हिला उष्णता लागते, ७५ किलोज्यूल, म्हणून तापमान वाढवलं की ही वाढते. साधारण ५५० अंश सेल्सिअसच्या वर तिचा जोर. दुसरी बूदुआर अभिक्रिया: कार्बन मोनॉक्साइडचे दोन रेणू मिळून एक कार्बन डायऑक्साइड आणि एक कार्बन. ही १७२ किलोज्यूल उष्णता सोडते, म्हणून थंड झालं की हिचा जोर वाढतो. ७०० अंशांच्या खाली ती चालू लागते. म्हणजे ५५० ते ७०० या पट्ट्यात दोन्ही बाजूंनी कार्बन येतो. हा पट्टा पाठ करून ठेवा. पुढचं सगळं त्याच्याच भोवती आहे.

द्विधातू कॅटॅलिस्ट इथे नेमकं काय करतो? एकटं निकेल स्वस्त आणि कामाला चांगलं, पण मिथेन फोडण्यात इतकं तरबेज की फुटलेला कार्बन जळून जाण्याआधीच नवा येऊन पडतो. सोबत थोडं लोह मिश्रधातूत घातलं तर कार्बन डायऑक्साइड त्या लोहाला ऑक्सिजन देतो आणि लोह तो ऑक्सिजन शेजारच्या कार्बनला देऊन त्याचा कार्बन मोनॉक्साइड करतो. पुन्हा लोह रिकामं, पुन्हा ऑक्सिजन घ्यायला तयार. कोबाल्टही ऑक्सिजन धरून ठेवतो, लोहाइतका नाही. प्लॅटिनम किंवा ऱ्होडियम चिमूटभर घातलं तर निकेलचं क्षपण (ऑक्साइडचा पुन्हा धातू होणं) कमी तापमानाला होतं आणि ते धातुरूपात टिकतं. मार्ग वेगवेगळे असले तरी परिणाम एकच: कार्बन बसण्याच्या वेगापेक्षा जळण्याचा वेग जास्त ठेवणं. समतोलाच्या हिशेबाने १:१ मिश्रणात, साध्या दाबाला, साधारण ८७० अंशांच्या वर गेल्याशिवाय कार्बनची शक्यता संपत नाही. आपण ७५०ला चालवतो. म्हणजे सगळी भिस्त वेगांच्या शर्यतीवर आहे, आणि तापमान त्या पट्ट्यात घसरलं तर ती शर्यत कुठलाही धातू जिंकून देत नाही.

आणि किती थोडा कार्बन पुरतो ते बघा. मिनिटाला २० मिलिलिटर मिथेन म्हणजे मिनिटाला १०.७ मिलिग्रॅम कार्बन आत जातो. त्यातला शंभरातला एकच भाग मागे राहिला तर तासाला साडेसहा मिलिग्रॅम आणि सोळा तासांत शंभर मिलिग्रॅमच्या वर. नळीत कॅटॅलिस्टच मुळात शंभर मिलिग्रॅम घातलेला असतो! जीसीवरचा (वायूंचं प्रमाण मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवरचा) कार्बन बॅलन्स, म्हणजे आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या कार्बनचा ताळा, ९८ टक्के आला की आपण खूश होतो, पण दोन टक्क्यांची चूक तर जीसीची स्वतःची असते. त्यामुळे "बॅलन्स बरोबर होता, तरी चोक झालं" याचं नवल वाटायला नको. कार्बन जीसीवर दिसायच्या आधी दाबावर दिसतो, आणि शेवटी वजनकाट्यावर.

बॅलन्सवरून आणखी एक. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, इथे हवेचा दाबच सुमारे ९२५ मिलिबार. एमएफसी (वायूचा प्रवाह ठरवणारा मास फ्लो कंट्रोलर) शून्य अंश आणि समुद्रसपाटीच्या दाबावर बेतलेला असेल आणि त्यावर मिनिटाला १०० मिलिलिटर लावले असतील, तर खोलीतल्या २५ अंशांना साबणाच्या बुडबुड्याचा फ्लोमीटर सुमारे ११९ दाखवतो. आत जाणारा वायू एमएफसीवर आणि बाहेरचा बुडबुड्यावर मोजून कार्बन बॅलन्स काढणारे मी पाहिलेत. तो आकडा वायूबद्दल काहीच सांगत नाही. नायट्रोजन सोबत सोडा आणि सगळं त्याच्या प्रमाणात मोजा.

नळी काढली की लगेच धुऊ नका. आधी उभी धरून बघा. वायूची दिशा वरून खाली असेल तर काळं कुठे सुरू होतं? बेडच्या वरच्या थरात गच्च असेल तर मिथेन फुटून कार्बन बसला आहे: तिथे कार्बन डायऑक्साइड कमी पडतो आहे, किंवा बायोगॅससारखं दीडास एक मिश्रण तसंच सोडलं आहे. बेड राखाडीच आणि त्याच्या खाली, भट्टी संपते तिथे नळीत काळी वात भरली असेल, तर तो बूदुआरचा कार्बन. बेडमधून निघालेला गरम सिनगॅस भट्टीच्या शेवटी थंड होत जातो, ७०० ते ५०० अंशांच्या तुकड्यातून जातो, आणि तिथे त्याला धरायला निकेल किंवा लोखंड सापडलं की काम झालं. हे लोखंड कुठून येतं? बहुतेक वेळा स्टेनलेस स्टीलच्या थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या तारेच्या) वेष्टनातून. खालून वर घातलेलं ते वेष्टन म्हणजे थंड पट्ट्यातला फुकटचा कॅटॅलिस्ट. एकदा बेड न घालता, नुसती नळी आणि थर्मोकपल ठेवून, तयार सिनगॅस सहा तास सोडून बघा. आमच्याकडे वेष्टनावर मऊ काळी लव उगवली होती, बोटाने पुसली तर पीठ होऊन पडायची, आणि खालचं स्टील खडबडीत झालेलं. वेष्टनावर क्वार्ट्‌झची एका बाजूने बंद नळी चढवा, आणि बेडखालची मोकळी जागा क्वार्ट्‌झच्या खड्यांनी भरा, म्हणजे वायू थंड पट्ट्यात रेंगाळत नाही.

त्या खड्यांबद्दल एक सावधगिरी. क्वार्ट्‌झ वाळू मिसळलेला वापरलेला कॅटॅलिस्ट तसाच एक्सआरडीला (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याच्या तपासणीला) दिला तर २६.६ अंशांवर उंच शिखर येतं, आणि ग्राफाइटचं शिखर २६.४ला असतं. वाळूलाच कार्बन समजून "खूप कोकिंग झालं" असा निष्कर्ष काढलेला मी एका प्रबंधाच्या मसुद्यात वाचला आहे. चाळून वाळू वेगळी करा, किंवा कार्बनसाठी हवेत तापवून वजन बघा.

आता आमची स्वतःची गोष्ट, कारण निपाणीच्या मुलाचंही नेमकं हेच निघालं. आम्ही निकेल-लोह, चारास एक, मॅग्नेशियम अ‍ॅल्युमिनेटवर बनवलं होतं. दिवसा आठ तास झकास चालायचं, दाब ०.१ बारवर स्थिर. रात्रभर ठेवलं की सकाळी दाब ०.६, कधी नळीचा जोड निसटलेला. लोह वाढवलं, कमी केलं, कोबाल्ट घातला, सेरिया (सेरियम ऑक्साइड) घातलं. सहा महिने गेले. एका सकाळी लॅबचे मामा कुलूप उघडता उघडता म्हणाले, "मॅडम, रात्री लाईट दोनदा गेली होती की. पाऊस किती होता बघा."

मी कॉम्प्युटरवरचा रात्रीचा तापमानाचा लॉग काढला. ७५०ची सरळ रेघ, आणि मध्यरात्रीनंतर तिला दोन खड्डे. पहिल्या खड्ड्यात तापमान पंचवीस मिनिटांत ६००च्या खाली गेलं होतं. त्याच पानावर दाबाची रेघ ठेवली. दाब चढायला सुरुवात झाली ती बरोबर त्या खड्ड्यात. आधी एक काटाही हललेला नव्हता.

झालं होतं असं: एमएफसी, जीसी आणि कॉम्प्युटर यूपीएसवर होते, तीन किलोवॅटची भट्टी अर्थातच नव्हती. लाईट गेली की भट्टी थंड व्हायची आणि वायू मात्र त्याच वेगाने आत जात राहायचे. तापलेल्या बेडमध्ये तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड, वरून ताजा मिथेन, आणि तापमान घसरत नेमकं ७०० ते ५५०च्या पट्ट्यात. सहा महिने आम्ही धातू बदलत होतो आणि कार्बन बसत होता तो लाईट गेल्यावर. खानापूर, जांबोटीकडचा पाऊस आणि वारा ज्यांना माहीत आहे त्यांना जून ते सप्टेंबर रात्रभराचं रन म्हणजे काय हे सांगायला नको.

उपाय महाग नाही. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडच्या लाईनवर नॉर्मली क्लोज्ड सोलेनॉइड झडप, आणि नायट्रोजनवर एमएफसीला वळसा घालून नॉर्मली ओपन झडप, पुढे नीडल व्हॉल्व्ह मिनिटाला शंभर मिलिलिटरवर लावून ठेवलेला. तिन्ही झडपांची वीज भट्टीच्याच लाईनवरून घ्या, यूपीएसवरून अजिबात नाही. लाईट गेली की मिथेन बंद, नायट्रोजन सुरू, कुणी जागं असो वा नसो. शिवाय लाईट असताना भट्टीची कॉइल तुटली तर? त्यासाठी तापमान नियंत्रकाचा लो-अलार्म ६९०वर लावून त्याच रिलेला जोडा. आणि हा रिले लॅच होणारा घ्या, म्हणजे लाईट परत आली तरी वायू आपोआप सुरू होणार नाहीत. बटण माणसानेच दाबायचं. आम्ही हे उद्यमबागेतल्या एका पॅनेल बनवणाऱ्याकडून करून घेतलं. त्याला कॅटॅलिस्ट म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण लॅचिंग रिलेचा मुद्दा त्यानेच काढला.

पुन्हा सुरू करताना नायट्रोजनमध्ये ७५०पर्यंत न्या, थोडा वेळ हायड्रोजन, मग आधी कार्बन डायऑक्साइड आणि नंतर मिथेन. बंद करताना उलटं: आधी मिथेन तोडा, मग कार्बन डायऑक्साइड, मग खोलीच्या तापमानापर्यंत नुसता नायट्रोजन. हे बंद करण्याचं मी आग्रहाने सांगते, आणि त्याचं कारण फक्त कार्बन नाही. क्षपण झालेलं निकेल २०० अंशांच्या खाली कार्बन मोनॉक्साइडच्या संपर्कात राहिलं तर निकेल कार्बोनिल तयार होऊ शकतं. तो अतिशय विषारी वायू आहे, आणि कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. लाईट गेलेल्या रात्री थंड होत जाणाऱ्या नळीत सिनगॅस साचलेला असतो, आणि सकाळी लवकर येऊन कुणीतरी तो जोड उघडणार असतं. बहुधा मामाच. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बॅटरीवरचा हवा, रिअ‍ॅक्टरच्या आधी ०.५ बारला उघडणारी रिलीफ झडप हवी, आणि तिचं तोंड धुराड्याच्या आत. याशिवाय रात्रीचं रन करू नका. प्रबंध एक महिना लांबला तरी चालेल.

लॉगमध्ये खड्डा नसेल तर दुसरी जागा बघा: थर्मोकपल कुठे आहे? भट्टीच्या भिंतीला असेल तर तो भिंतीचं तापमान सांगतो. अभिक्रिया इतकी उष्णता खाते की बेड वीस ते पन्नास अंशांनी थंड असू शकतो. पडद्यावर ७२० आणि बेडमध्ये ६८०, म्हणजे तुम्ही दिवसरात्र त्या पट्ट्यातच काम करताय. टोक बेडच्या मधोमध आणा.

दाब आणि रूपांतर यांची जोडीही खूप सांगते. दाब चढतोय पण मिथेनचं रूपांतर जसंच्या तसं, असं दिसलं तर तंतूसारखा कार्बन आहे: तो निकेलचा कण टोकावर उचलून वाढतो, कण काम करत राहतो आणि नळी मात्र भरते. दाब स्थिर आणि रूपांतर घसरतंय, तर कार्बनचा संशय सोडा. धातूचे कण एकत्र येऊन मोठे झालेत किंवा गंधक लागलाय. निकेलचे अणू साधारण ५९० अंशांपासून हलायला लागतात, ७५०ला ते गोळा होणं स्वाभाविक आहे. आणि मिथेनचं रूपांतर कार्बन डायऑक्साइडपेक्षा जास्त आलं, हायड्रोजनचं प्रमाण कार्बन मोनॉक्साइडच्या वर गेलं, तर आनंद मानू नका. एरवी थोडा हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडशी लागून पाणी होतो, म्हणून ते प्रमाण एकच्या खालीच असतं. ते एकच्या वर गेलं म्हणजे कार्बन मागे राहतोय.

गंधकाचं आपल्या भागाला विशेष. मळीच्या स्पेंटवॉशमध्ये सल्फेट भरपूर, त्यामुळे डिस्टिलरीच्या बायोगॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड टक्क्याच्या घरात जातो. निकेलला बाद करायला काही पीपीएमही (दहा लाखांत काही भाग) पुरतो. गंधक अगदी मोजून, पीपीएमच्या पातळीवर सोडून निकेलवरचा कार्बन दाबायची औद्योगिक पद्धत आहे, पण ती मापाची गोष्ट आहे. पिशवीत भरून आणलेल्या गॅसला ती लागू होत नाही. आधी लोह ऑक्साइडचा थर, मागून झिंक ऑक्साइडचा, आणि दुसऱ्या थरानंतर लेड अ‍ॅसिटेटचा कागद. कागद तपकिरी झाला तर रन थांबवा.

एवढं सगळं ठीक असेल, तरच कॅटॅलिस्टकडे वळा. आणि तिथे पहिला प्रश्न: तुमचे दोन धातू खरोखर एकत्र आहेत का? आधी निकेल भिजवलं, भाजलं, मग लोह भिजवलं, असं केलं तर पुष्कळदा निकेल एकीकडे आणि लोह दुसरीकडे बसतं. एकट्या निकेलवर कार्बन वाढतो आणि एकटं लोह काहीच करत नाही. दोन्ही नायट्रेट एकाच द्रावणात घ्या, सावकाश वाळवा, किंवा हायड्रोटाल्साइटमधून (थराथरांच्या हायड्रॉक्साइडमधून) एकत्र साका. क्षपणानंतरच्या एक्सआरडीत निकेलचं ४४.५ अंशांचं शिखर डावीकडे ४४.२च्या आसपास सरकलं तर लोह आत गेलंय. कोबाल्टच्या बाबतीत ही खूण वापरू नका, त्याचं स्वतःचं शिखरच ४४.२ला येतं; तिथे टीईएमवरचा (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावरचा) मूलद्रव्यांचा नकाशाच लागतो, आणि त्यासाठी धारवाड किंवा कोल्हापूरच्या विद्यापीठात नंबर लावावा लागतो.

क्षपण किती तापमानाला केलं हेही बघा. अ‍ॅल्युमिनावरचा कॅटॅलिस्ट ८००च्या वर भाजला असेल तर निकेलचं अ‍ॅल्युमिनेट झालेलं असतं, आणि ते ६००च्या हायड्रोजनला दाद देत नाही. ८००ला एक तास द्या. यमनापूरच्या बाजूला अ‍ॅल्युमिनाचा मोठा उद्योग असल्याने ते अ‍ॅल्युमिना आणून वापरण्याची कल्पना दरवर्षी कुणाला तरी सुचते. धातू आणि सिरॅमिकसाठी ते उत्तम. आपल्याला गॅमा रूप हवं, ग्रॅममागे दीड-दोनशे चौरस मीटर पृष्ठभागाचं, आणि सोडियम शक्य तितकं कमी.

शेवटचं कारण आमच्याकडे सगळ्यात उशिरा सापडलं. लोह आणि निकेलचे नायट्रेट हवेतलं पाणी ओढतात. जुलैमध्ये बेळगावात बरणी चार वेळा उघडली की लोहाच्या नायट्रेटचे जांभळट खडे चिकट होऊन तळाशी लगदा होतो. तुम्ही ४०४ ग्रॅमचा एक मोल म्हणून तोलता, त्यात लोह कमी आणि पावसाचं पाणी जास्त. कागदावर चारास एक, नळीत सहास एक. मेमध्ये बनवलेला घाणा चांगला आणि ऑगस्टमधला वाईट का, हे कोडं असं सुटलं. आता आम्ही द्रावण करून ठेवतो, निकेल म्युरेक्साइड (रंग बदलून दाखवणारा सूचक) घालून ईडीटीएच्या टायट्रेशनने मोजतो, आणि त्या आकड्यावर लिटर-मिलिलिटरचा हिशेब करतो. बरणी डेसिकेटरमध्ये.

निपाणीच्या मुलाने झडपा बसवल्या आहेत. कॅटॅलिस्ट तोच जुना निकेल-लोहाचा, ज्याला तो टाकून देणार होता. काल रात्री पावणेदोनला लाईट गेली, चाळीस मिनिटांनी आली. सकाळी येऊन त्याने बटण दाबलं. दाब ०.११ बार आहे.

तुमच्याकडचं प्रकरण विचारायचं असेल तर नळी उभी धरून फोटो पाठवा, वायूची दिशा बाणाने दाखवा, आणि सोबत रात्रीचा तापमान आणि दाबाचा लॉग पूर्ण पाठवा. धातूंचं प्रमाण मी नंतर विचारीन.